‘नीट’च्या गावात गवताचा अभ्यास

लातुरात अकरावीला बायोलॉजी घेतलेल्या मुलीला ‘पुढं काय?’ असं कुणी विचारत नाही. मेसच्या मावशींपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांनी ते आधीच ठरवून टाकलेलं असतं. माझीही दोन वर्षं ट्यूशन एरियात त्याच ठरलेल्या उत्तरात गेली. बारावीच्या पुस्तकातलं शेवटचं युनिट इकॉलॉजीचं. परीक्षेच्या तोंडावर ‘हमखास मार्कांचं’ म्हणून ते भराभर उरकलं जायचं. नीटच्या यादीत माझा नंबर लागला नाही. बी.एस्सी. लातूरला झाली, एम.एस्सी. नांदेडला, आणि आज मी त्या उरकलेल्या युनिटवरच पोट भरते. लातूर-नांदेडच्या शिवेवरच्या माळांवर आणि त्यांना लागून असलेल्या सोयाबीनच्या रानांत कोणत्या वनस्पती तग धरून आहेत, हा माझ्या पीएच.डी.चा विषय.

गावाकडं आत्या अजून विचारते, “पोरी, डॉक्टर व्हायचं सोडून गवत काय मोजालीस?” बी.एस्सी.ची मुलं फोनवर तेच जरा शहरी भाषेत विचारतात : मॅडम, यात स्कोप आहे का? आत्याला कामाचा उपयोग कळत नाही आणि मुलांना पगाराचा ठिकाणा लागत नाही. दोघांनाही उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. इकॉलॉजीत नव्यानं येणाऱ्या माणसाला खरी मोकळी जागा ताडोबात किंवा सह्याद्रीत नाही, ती आपल्या उघड्याबोडक्या जिल्ह्यांत आहे. फक्त त्या जागेवर उभं राहायला पैसे कुठून येतात, हे निघण्याआधी माहीत असावं लागतं.

जंगल नाही, प्रश्न आहेत

सजीवांचं एकमेकांशी आणि भोवतालच्या माती-पाण्याशी जे देणंघेणं चालतं, त्याचा हिशेब मांडणं म्हणजे इकॉलॉजी. त्यासाठी वाघ लागतोच असं नाही. लातूर जिल्ह्यात जंगलाचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. नांदेडला किनवट-माहूरकडं सागाचं जंगल आणि पैनगंगा अभयारण्य आहे, पण कंधार, मुखेड, लोहा ही सगळी काळी रानं आणि बालाघाटाचे माळ. इथला मुलगा म्हणतो, आमच्याकडं अभ्यास करायला आहेच काय?

2022चा खरीप आठवा. लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीन नुकतं उगवून वर आलं आणि शंखी गोगलगायींनी रात्रीतून ओळीच्या ओळी फस्त केल्या. शेतकऱ्यांनी पोत्यांनी गोगलगायी वेचल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या, बांधाला चुना मारला, मेटाल्डिहाईडच्या गोळ्या आणल्या, दुबार पेरण्या केल्या. शेवटी सरकारला मदत जाहीर करावी लागली. त्या पावसाळ्यात गावोगाव एकच चौकशी होती : औषध कोणतं मारायचं? इकॉलॉजी शिकलेल्या माणसानं विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. उन्हाळाभर ही गोगलगाय कुठं दडून बसते? अंडी बांधाच्या ओलीत घालते की उकिरड्याजवळ? भारद्वाज गोगलगायी खातो, काजव्यांच्या अळ्याही खातात; मग ज्या शिवारात बांधावरची झुडपं शिल्लक आहेत तिथं नुकसान कमी झालं का? विषारी गोळ्या टाकल्यावर त्या भारद्वाजाचं काय होतं? यातल्या एकेका प्रश्नावर एम.एस्सी.चा प्रबंध होऊ शकतो. त्याला जंगलाची परवानगी लागत नाही, गाडी लागत नाही. मामाचं शेत आणि टॉर्च पुरतो.

दुसरं उदाहरण पाण्याचं. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती बातमी देशभर गेली. त्याच वर्षी लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीचं पात्र रुंद आणि खोल केलं. पाणी किती साठलं हे सगळ्यांनी मोजलं. पण पात्र खोल झाल्यावर मासे, कासवं, काठचं गवत आणि शिंपले यांचं काय होतं, हाही मोजण्याचाच विषय आहे, आणि पुढच्या नदीचं काम काढताना त्याचं उत्तर हाताशी लागतं.

आणि वाघ हवाच असेल, तर तोही आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला 2019मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रेडिओ कॉलर लावली होती. तो महाराष्ट्र-तेलंगणातल्या शेतांमधून, ओढ्या-नाल्यांच्या कडेनं चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत 1300 किलोमीटर. डिसेंबर 2024मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. टिपेश्वर ते येडशी हे अंतर तो आपल्याच मुलखातून कापत गेला असणार. तो कोणत्या नाल्यानं गेला, दिवसा कोणत्या उसात बसला, याचं उत्तर डेहराडूनला बसून मिळत नाही.

उसातल्या अभ्यासावरून शास्त्र कसं बदलतं, हे विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात दाखवलं. नगर जिल्ह्यातल्या त्या दाट वस्तीच्या, उसाच्या पट्ट्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबटे मोजले. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दर 100 चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे निघाले. बिबट्या जंगलातून ‘भरकटून’ शेतात येतो, हा समज त्या आकड्यानं मोडला.

माझा स्वतःचा जीव माळात अडकला आहे. सरकारी भाषेत माळ म्हणजे पडीक जमीन. जिथं झाड नाही तिथं काही नाही, असा हिशेब, म्हणून तिथं खड्डे खणून रोपं लावायची किंवा सौरपॅनेल उभे करायचे. सौरप्रकल्पांना पर्यावरण आघात मूल्यांकनातून सूट असल्यामुळं आधी तिथं काय होतं, हे नोंदवायची सक्तीही नाही. प्रत्यक्षात कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचे हे माळ हजारो वर्षांची जुनी परिसंस्था आहेत. आशिष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या अशा सव्हानांमध्ये 200हून अधिक प्रदेशनिष्ठ वनस्पतींची यादी केली, आणि नांगरट व वनीकरण या दोन्हींमुळं तिथल्या मूळ वनस्पतींना कसा धोका पोचतो, हेही मोजून दाखवलं. मराठवाड्यापुरता पाया प्रा. वि. ना. नाईक यांनी घातला. 1998 साली आलेले त्यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’चे खंड आजही माझ्या टेबलावर असतात. त्यांनी नोंदवलेली प्रत्येक वनस्पती आज त्याच गावी आहे का, एवढाच प्रश्न घेतला तरी एक पिढी कामाला लागेल.

चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे. औषधी वनस्पतींसाठी पंचक्रोशीत त्याचं नाव. तिथं मी नळाच्या पाइपांची मीटरभर लांबी-रुंदीची चौकट टाकून आतली रोपं मोजत बसते, तेव्हा शेळ्या घेऊन आलेले आजोबा शेजारी टेकतात. मला ज्या गवताचं लॅटिन नाव आठवावं लागतं, त्याचं गावरान नाव, त्याला कुसळ कधी येतं आणि जनावर ते कधीपासून तोंडात घेत नाही, हे सगळं ते पान चोळत चोळत सांगतात. त्यांची भाषा ज्याला येते त्याचं निम्मं फिल्डवर्क आधीच झालेलं असतं. बंगळुरूहून आलेल्या हुशार मुलाला इथं दुभाष्या लागतो, आपल्याला लागत नाही. हे भांडवल आपण कमीपणा समजून लपवतो.

वाट कशी चढायची

पदवी कोणती, यावर फार अडून बसू नका. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र या सरळ वाटा आहेत. पण कृषी, पशुवैद्यक, भूगोल, संख्याशास्त्र शिकलेली माणसंही या क्षेत्रात हवी असतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि परिसरातल्या महाविद्यालयांत एम.एस्सी. होते. त्याहून खास शिक्षण हवं असेल तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतली वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी., बंगळुरूच्या एनसीबीएसमधली वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाची एम.एस्सी., पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयातली जैवविविधतेची एम.एस्सी. आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था ही ठिकाणं आहेत. तुकड्या लहान आणि प्रवेशपरीक्षा कठीण. पण एनसीबीएससारख्या ठिकाणी मुलाखतीत मार्कांइतकंच तुम्ही काय पाहिलंय, हे विचारतात. पीएच.डी.साठी भारतीय विज्ञान संस्थेतलं माधव गाडगीळ यांनी 1983मध्ये उभं केलेलं परिसरविज्ञान केंद्र, आयसरच्या संस्था, बंगळुरूची एट्री.

परीक्षा तीन लक्षात ठेवा. सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर. यूजीसी नेटचा पर्यावरणशास्त्राचा. आणि गेटमधला ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’, जो आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी ऐकलेलाही नसतो. नेटमधून कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, मिळाली की 2023पासूनच्या दरानं महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. दोन वर्षांनी वरिष्ठ फेलो झालात की 42,000. हे आकडे मी मुद्दाम पालकांसाठी लिहिते. शिकता शिकता एवढे पैसे देणारं शिक्षण लातूरच्या फ्लेक्सवर कधी झळकत नाही. जेआरएफ हुकली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्ती आहेत. मात्र कोणत्याही फेलोशिपचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला पडेल, असं धरून खोलीचं भाडं ठरवू नका. चार-सहा महिन्यांची शिल्लक बाजूला असू द्या.

एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मधली वर्षं बहुतेकांची प्रकल्प सहायक म्हणून जातात. एखाद्या संस्थेचा दोन-तीन वर्षांचा प्रकल्प असतो, त्यावर सहा किंवा अकरा महिन्यांच्या करारानं घेतात. पगार बेताचा, काम भरपूर, पण खरं शिक्षण इथंच होतं. ट्रान्सेक्ट कसा टाकायचा, कॅमेरा ट्रॅप कोणत्या उंचीवर बांधायचा, पावसानं वही भिजली तर काय करायचं. अशा जागांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात. आणि न येता भरल्या जाणाऱ्या जागाही असतात, त्यासाठी पत्र लिहावं लागतं. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड’ छापाचं पत्र कुणी वाचत नाही. त्या शास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध वाचा, त्यातला न समजलेला एक प्रश्न विचारा, तुम्ही काय करू शकता हे दोन ओळींत लिहा. माझं इंग्रजी नोट्स पाठ करण्यापुरतं होतं. पहिलं पत्र मी आधी मराठीत लिहून काढलं, मग भाषा बदलली. उत्तर आलं.

दोन हत्यारं आताच शिका : ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस. दोन्ही फुकट आहेत. फिल्डवर फिरायला तयार असणारी मुलं पुष्कळ मिळतात, मोजून आणलेल्या आकड्यांमधून अर्थ काढणारी कमी. ज्याला दोन्ही जमतं त्याचं काम सहसा अडत नाही.

स्वतःचा छोटा प्रकल्प काढायचा तर लहान अनुदानंही आहेत. ब्रिटनमधली रफर्ड फाउंडेशन पहिल्यांदा काम करणाऱ्यांना काही हजार पौंडांचं अनुदान देते. माळढोकाच्या कुळातल्या तणमोराचा ध्यास घेतलेले पक्षीशास्त्रज्ञ रवी शंकरन 2009मध्ये गेले, त्यांच्या नावानं इनलॅक्स संस्थेची फेलोशिप तरुण संशोधकांसाठी आहे. आपल्यासारख्याच नवख्या अभ्यासकांना भेटायचं तर ‘येती’ हा तरुण इकॉलॉजिस्टांचा मेळावा 2009पासून आणि बंगळुरूची संवर्धनशास्त्राची विद्यार्थी परिषद 2010पासून भरत आली आहे. तिथं पोस्टरसमोर उभं राहून ‘आय ॲम फ्रॉम लातूर’ म्हटलं, की समोरचा हमखास पाण्याच्या रेल्वेबद्दल विचारतो. मग आपण माळाबद्दल सांगायचं.

नोकरी कुठं आहे

कायम प्राध्यापकी हे आपल्याकडचं पहिलं स्वप्न. ते असू द्या, पण त्यावरच भिस्त ठेवू नका. भरती थांबत थांबत होते आणि मधली वर्षं तासिका तत्त्वावर निघतात. अनेकांची उमेद त्यातच संपते.

वनखात्याची वाट एमपीएससीच्या महाराष्ट्र वनसेवेतून जाते : सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल. शिवाय व्याघ्र प्रकल्पांमध्ये कंत्राटी वन्यजीव अभ्यासक घेतले जातात. पाणलोट आणि शेतीवर काम करणाऱ्या संस्था, उदाहरणार्थ 1993मध्ये सुरू झालेली पुण्याची वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, इकॉलॉजी शिकलेल्यांना घेतात. हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा राज्याचा प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, मराठवाड्याच्या गावांत चालू आहे. रस्ते, खाणी, धरणं यांच्या पर्यावरण आघात अहवालांसाठी मान्यताप्राप्त सल्लागार कंपन्यांना इकॉलॉजी व जैवविविधतेचा तज्ज्ञ ठेवावाच लागतो. पैसा या कामात सर्वांत बरा, आणि सचोटीची परीक्षाही याच कामात सर्वांत कडक. अहवाल कुणाच्या पैशानं होतोय आणि तुम्ही काय पाहिलंत, या दोहोंत अंतर पडलं तर सही कुठं करायची नाही, हे आधी ठरवून जा.

ज्या कामाकडं आपली मुलं बघतच नाहीत ते गावातच आहे. जैवविविधता कायदा 2002चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020ची मुदत घातली आणि दिरंगाईला महिना दहा लाखांच्या दंडाची तंबी दिली. तेव्हा सगळीकडं नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे 28,000. आपल्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत मागून बघा. तिच्यात लिहिलेली झाडं शिवारात आहेत का आणि शिवारातली झाडं तिच्यात आहेत का, एवढं ताडून बघितलं तरी कामाला सुरुवात झाली. ही नोंदवही नीट करणं हे शिकलेल्या माणसाचं मानधनाचं काम होऊ शकतं, ग्रामसेवकाचं रात्रीतून उरकायचं नव्हे. 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळानं महाराष्ट्र जनुक कोशाला पाच वर्षांसाठी 172.39 कोटी रुपये मंजूर केले. त्यात पिकांचे गावरान वाण, स्थानिक पशुधन, गवताळ प्रदेश हे विषय आहेत. आपल्या दावणीला लाल कंधारी आणि देवणी आहेत. देवणीतल्या वानेरा, बालंक्या, शेवरा या जाती आमच्या आजोबांना लांबून ओळखू यायच्या. त्या जनावरांचं आणि चराऊ माळांचं नातं अभ्यासणारा माणूस पशुवैद्यकाइतकाच गरजेचा आहे.

सोसायचं काय

आता कडू भाग. पंचविशीत मैत्रिणींना पगार सुरू होतात तेव्हा आपण करारावर असतो. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी माळावर काय करते’ याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. बाईमाणसाला फिल्डवर शौचालय, मुक्काम, परतीची एसटी यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. गावात पहिल्याच दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि एका घरातल्या काकू यांची ओळख करून घेतली की पुढचं वर्ष सोपं जातं. रानात एकटं जायचं नाही, साप-विंचवाची माहिती आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर खिशात ठेवायचा. प्रकल्पाच्या प्रमुखाला विम्याबद्दल विचारायला लाजायचं नाही. बिनपगारी ‘अनुभवा’ची ऑफर आली, तर जेवण, राहणं, प्रवास कोण देणार हे लेखी मागा. ज्यांच्या घरी पैसे आहेत तेच फुकट काम करू शकतात आणि पुढं तेच शास्त्रज्ञ होतात. आपल्याकडच्या मुलांनी या सापळ्यात शिरू नये.

तरीही हे काम निवडावं असं मी का म्हणते? लातूर-नांदेडचे प्रश्न बाहेरच्या संशोधकाच्या यादीत फार खाली असतात. गोगलगायी आल्या, पिवळा मोझॅक आला, रोही आणि रानडुकरं पिकात शिरली, की इथला शेतकरी कृषी केंद्राच्या काउंटरवर सल्ला घेतो, कारण दुसरं विचारायला कुणी नाही. ती दुसरी जागा रिकामी आहे.

सुरुवातीला पदवी संपायची वाट बघू नका. गावाजवळचा एक पाझर तलाव किंवा माळाचा एक तुकडा धरा. महिन्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाटेनं तिथं जा. पक्षी दिसतील ते ‘ईबर्ड’वर, झाडांना पालवी-फुलोरा कधी येतो ते ‘सीझनवॉच’वर नोंदवा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात तुमचा तलाव घाला. काही दिसलं नाही तर ‘काही दिसलं नाही’ हेही तारीख घालून लिहा, कारण शून्य हासुद्धा आकडा आहे. सोबत पाऊस किती पडला आणि शेजारच्या रानात काय पेरलं होतं तेही.

वर्षभरानं मुलाखतीला बसाल तेव्हा समोरचे विचारतील, फिल्डचा अनुभव काय? बाकीचे उमेदवार आवड सांगत असतील. तुम्ही बारा महिन्यांचा तक्ता पुढं ठेवा आणि त्यातलं तुम्हाला न उलगडलेलं एक कोडं सांगा. मुलाखत तिथून पुढं त्या कोड्याबद्दल होते, तुमच्या कॉलेजच्या नावाबद्दल नाही.